अस्तर बदललं तरी कॅलिपर त्याच जागी का काचतो?

डाव्या पायाचा आतला घोटा. तीन वर्षं या एका हाडाशी माझं भांडण चाललं होतं. आधी लाली, मग सालटं निघणं, मग आठ-दहा दिवस कॅलिपर, म्हणजे पायाला उभं धरणारा आधार, काढून घरात कुबड्यांवर. तेवढ्यात वर्कशॉपमधून नवा फोम लावून आणायचा. चार-पाच महिने सुखाचे जायचे आणि पुन्हा तिथेच, रुपयाच्या नाण्याएवढ्या त्याच जागेवर ठसठस सुरू. असे सहा फेरे झाले. सातव्या फेऱ्यात कळलं की फोम बदलायची जागाच आम्ही चुकत होतो. एएफओ (पोटरीपासून तळव्यापर्यंतचा आधार), केएएफओ (मांडीपासून तळव्यापर्यंतचा), जुना लोखंडी कॅलिपर, काहीही घालणाऱ्या ज्या कुणाला हा फेरा ओळखीचा वाटेल, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

माझं थोडक्यात सांगायचं तर दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय मांडीपासून लुळा पडला. शाळेत असताना लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर होता, पत्र्याच्या पेटीसारखा वाजायचा. आता पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा आहे: मांडीला एक कवच, पोटरी आणि तळव्याला मिळून दुसरं, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि गुडघ्याला रिंग लॉक, म्हणजे चालताना गुडघा सरळ धरणारी कडी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. काम बसून, पण ऑफिस ते गोडाऊन दिवसात दहा चकरा होतात. डॉक्टरकीचं शिक्षण काही नाही, जे आहे ते घालून घालून आलेलं.

आधी वळ की जखम ते ठरवा

कॅलिपर काढल्यावर अंगावर थोडे वळ दिसणारच. पट्टा जिथे ताणून बसतो तिथे, मांडीच्या मागे, पोटरीवर लाली येते. ती वीस-तीस मिनिटांत गेली तर काळजी नाही. त्यानंतरही टिकली तर ती जागा झेपेल त्यापेक्षा जास्त भार घेतेय. दुसरी खूण बोटाची. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही रंग हलला नाही तर कातडीच्या आत इजा सुरू झालीय, त्या क्षणापासून कॅलिपर बंद.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली धड दिसत नाही, ही अडचण आहेच. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. हाताची मागची बाजू लावून बघा, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा फुगीर लागते का. पोलिओचा पाय मुळात थंड आणि निळसर, त्यामुळे मला तर पहिलं वर्षभर लाली कधी सुरू व्हायची ते समजायचंच नाही, थेट सालटंच हाती यायचं.

सालटं निघालं असेल किंवा पाणी येत असेल, तर खालचं काहीही करू नका. डॉक्टर, मलमपट्टी, आणि जखम भरेपर्यंत कॅलिपर खुंटीला. जखमेवर फोमचा तुकडा ठेवून कामावर जाण्याचा पराक्रम मी एकदा केलाय. मार्चअखेर होती, हिशेब तुंबले होते. आठ दिवसांत भरणारी जखम भरायला महिना लागला.

मऊ मऊ करत गेलो, तिथेच फसलो

पहिल्यांदा काचलं तेव्हा जे कुणीही करेल तेच केलं. घरात जुन्या सोफ्याचा फोम होता, त्याचा गुबगुबीत तुकडा कापून घोट्याजवळ कवचाला आतून चिकटवला. हाताला किती छान लागत होता! घालून उभा राहिलो आणि दुपारपर्यंत घोटा आधीपेक्षा जास्त दुखायला लागला.

कारण आता सोपं वाटतं. कवच प्लास्टिकचं आहे, ते मागे सरकत नाही. पाय आणि कवच यांच्यातली जागा ठरलेली. त्या जागेत तुम्ही फोम घुसवला की तो जागा खातो, आणि जे हाड आधी नुसतं टेकत होतं ते आता दाबलं जातं. पाहुणे वाढले म्हणून खोली वाढत नाही. वर्कशॉपमध्ये कवच बनवताना पायाचा प्लास्टरचा साचा घेतात, तेव्हा जाणकार माणूस घोटे, नडगीची धार, टाच अशा हाडाच्या जागांवर साच्यावर आणखी थोडं प्लास्टर चढवतो. म्हणजे तिथे कवच आतून पोकळ राहतं, हाडाला श्वास मिळतो. अस्तर द्यायचं असेल तर त्याची जाडीही त्याच वेळी धरतात. ही सोय साच्यात केलेली नसेल, तर नंतर हाडावर चिकटवलेला प्रत्येक एमएम शेवटी हाडावरच येतो.

दुसरी गोष्ट, सोफ्याचा फोम फार लवकर दमतो. तो आतून उघड्या छिद्रांचा. बोटाने दाबताना मऊ लागतो तो त्यातली हवा निघून जाते म्हणून. अंगाचा भार पडला की सगळी हवा बाहेर आणि खाली उरतो पापड. त्याला आपण फोम ‘बसला’ म्हणतो. तपासायची पद्धत अशी: फोम चिमटीत धरा आणि दाबा. अंगठ्याला समोरच्या बोटाचं हाड जाणवलं की तो तुकडा तुमच्या हाडाला काही वाचवणार नाही, मग तो दुकानात कितीही लुसलुशीत लागू दे.

सोलापुरात राहायचं आणि टॉवेल कारखान्यात नोकरी, म्हणजे पुढचा सल्ला ओघानेच आला. ‘‘अण्णा, टेरीचं कटपीस घ्या की, चार पदरी घडी घाला, घाम पण पितंय.’’ घाम प्यायला खरा. पण ओला टेरी घसरतो, गोळा होतो, आणि त्या घडीची शिवण दिवसभर घोट्यात रुतत राहते. संध्याकाळी पायावर कटपिसाची किनार छापल्यासारखी उमटली होती. टॉवेलला अंघोळीनंतरचं काम आहे, तेच राहू द्यावं.

यानंतर दोन वेळा सिलिकॉन जेलचं पॅड, एकदा पांढरा पॅकिंगचा फोम, एकदा चपलेच्या तळाच्या ईव्हीए फोमचा तुकडा, एकदा वर्कशॉपने स्वतःहून लावलेला जाड गुलाबी फोम. तो गुलाबी फोम लावून देणाऱ्यांनी, वर्कशॉपचं नाव घेत नाही, एकदाही मला चालून दाखवायला सांगितलं नव्हतं. मी बाकावर बसलो होतो, कॅलिपर आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला.

लिपस्टिकने पकडलेला चोर

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या जत्रेत, मुलीबरोबर होम मैदानावर तासभर फिरलो आणि सातव्यांदा घोटा गेला. जखम भरल्यावर या वेळी दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथले मास्तर वयस्क, आधी चामड्याचं काम केलेले, हाताला रापीचे, म्हणजे चामडं कापायच्या पात्याचे घट्टे. मी सवयीने म्हणालो, ‘‘घोट्याला फोम लावायचाय.’’

त्यांनी फोमकडे पाहिलंच नाही. म्हणाले, ‘‘अण्णा, आधी बूट दावा.’’

बूट उलटा केला. टाचेची आतली कड झिजून तिरकी झाली होती. मग कॅलिपरच्या तळव्यातलं अस्तर उचकटून काढलं आणि कडेने डोळ्यासमोर धरलं. बाहेरच्या कडेला सहा एमएम, आतल्या कडेला जेमतेम तीन. ‘‘हे बसलंय बघा. पाय आत पडतोय. घोटा बिचारा फुकट मार खातोय.’’

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते आम्ही तीन वर्षं चालवलं होतं. तळव्याखालचा फोम आतल्या बाजूने बसला की पायाची कमान खाली जाते, पाय आतल्या अंगाला कलतो आणि आतला घोटा कवचाच्या भिंतीवर जाऊन आदळतो. भिंतीला मी कितीही गादी लावली तरी प्रत्येक पावलाला पाय तिकडेच ढकलला जाणार. उलट गादीने जागा कमी केल्यामुळे आणखी लवकर.

खात्री करायला त्यांनी एक जुनी युक्ती केली, ती घरीही करता येते. घोट्याच्या टोकावर लिपस्टिक लावायची (मी बायकोची मागितली तेव्हा तिने दोनदा विचारलं, ‘‘कशाला म्हणालात?’’), वर मोजा न घालता किंवा अगदी पातळ पांढरा मोजा घालून कॅलिपर चढवायचा, पट्टे नेहमीसारखे आवळायचे, दहा-पंधरा पावलं चालायचं आणि सावकाश काढायचा. कवचाच्या आत जिथे रंग लागला तिथे हाड टेकतंय. माझा ठिपका घोट्यासाठी सोडलेल्या पोकळीत पडायला हवा होता, तो तिच्या खालच्या काठावर, बोटभर खाली आणि पुढे पडला. म्हणजे हाड आपल्या घरात नव्हतंच, उंबरठ्यावर बसलं होतं. बसून केलं तेव्हा ठिपका जागेवर. उभं राहून केलं तेव्हा घसरलेला. ही परीक्षा बसून करू नका, ती उभ्यानेच बोलते.

इलाज तीन तुकड्यांत झाला. तळव्याखाली घट्ट ईव्हीए, आतल्या कडेला थोडी जाड, बाहेर पातळ होत जाणारी, म्हणजे पायाला आतून टेकू. घोट्यावरची सगळी फोमगिरी काढून टाकली, आणि त्या जागी मास्तरांनी हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) कवच गरम करून आतून जरा बाहेर फुगवलं. बुटाच्या टाचेला नवीन थर. हीट गनचं काम घरी करू नका. पॉलिप्रॉपिलीन कमी तापलं तर पुन्हा मागे येतं, जास्त तापलं तर आकसून वाकडं होतं, आणि एकदा वाकडं झालेलं कवच तुमच्या साच्यावर परत येत नाही.

त्या दिवसापासून माझा नियम झाला की काचणारी जागा आणि बिघडलेली जागा वेगळ्या धरूनच सुरुवात करायची. घोटा काचत असेल तर आधी तळवा, बूट आणि घोट्यावरचा तिरका पट्टा. हा पट्टा सैल असला की टाच कवचात खाली बसत नाही, वर-खाली होते आणि मग घोट्यापासून पावलाच्या वरच्या भागापर्यंत सगळं घासतं. मांडीचं वरचं तोंड जांघेत रुतत असेल तर आधी गुडघ्याचा सांधा. कॅलिपरचा सांधा आणि तुमच्या गुडघ्याचा सांधा एका रेषेत नसतील तर बसताना-उठताना अख्खा कॅलिपर पायावर वर-खाली सरकतो. आरशासमोर खुर्चीवर बसून उठून बघा, मांडीचं कवच बोटभरही सरकत असेल तर फोमचं दुकान शोधू नका, वर्कशॉप शोधा. आणि बूट बदलला असेल तर ते पहिल्यांदा सांगा. कॅलिपर एका ठराविक उंचीच्या टाचेवर उभा करून बसवलेला असतो. सपाट चपलेतून उंच टाचेच्या बुटात गेलात की नडगी पुढे झुकते आणि वरच्या पट्ट्यांवरचा भार बदलतो. मी लग्नसराईत नवे बूट घेऊन हे एकदा भोगलंय.

मग कुठे काय लावायचं

बसवणूक ठीक आहे, तरीही गादी हवी, असं ठरलं तरच इथे या. फोमची नावं फार आहेत, पण कामं मोजकीच: भार पसरवणं, पोकळी भरणं, घासणं कमी करणं, घाम सांभाळणं. एकच फोम चारही कामं करत नाही.

ईव्हीए म्हणजे आपल्या रोजच्या स्लीपरचं सामान. बंद छिद्रांचा, पाणी पीत नाही, वेगवेगळ्या कडकपणात मिळतो. कडकपणा शोअर ए या मापात सांगतात, आकडा जितका मोठा तितका कडक. तळव्याला टेकू द्यायला कडक ईव्हीए, पस्तीस-चाळीसच्या आसपासचा. तोच घोट्याला आतून लावला तर लाकडाची फळी लावल्यासारखं होईल. दुकानदाराला ‘मऊ’ किंवा ‘कडक’ म्हणू नका, शोअर विचारा. त्याला माहीत नसेल तर नखाने दाबून बघा आणि दोन तुकडे शेजारी ठेवून निवडा.

वर्कशॉपमध्ये प्लास्टाझोट नावाचा, पोलिथिनचा बंद छिद्रांचा फोम असतो. तापवला की पायाच्या आकाराला बसतो, कातडीला सौम्य असतो, म्हणून कवचाच्या आतल्या अस्तराला फार चालतो. त्याचा दोष एकच, तो बसतो आणि बसलेला उठत नाही. सुरुवातीला ही गोष्ट उपयोगाचीही असते, हाड आपला खळगा स्वतः करून घेतं. पण तळव्याखाली तो एकटा ठेवला तर काही महिन्यांत माझ्या अस्तरासारखी गत. म्हणून तळव्याखाली वर प्लास्टाझोट आणि खाली न बसणारा थर, असं जोडून देतात. खालचा थर पोरॉन असेल तर उत्तम. हा बारीक छिद्रांचा पॉलियुरेथेन, दाबला की दबतो आणि सोडला की हळूच पूर्ववत होतो. पातळ असूनही पुष्कळ काळ टिकतो. महाग आहे, आणि मला तरी पुण्याहूनच मागवावा लागला.

एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, आपल्याकडे कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या चपलांमुळे जुना आणि ओळखीचा. बधिर पायाच्या तळव्यासाठी मऊ, साधारण पंधरा ते वीस शोअरचा वापरतात. दमदार आहे, पण जड. कॅलिपरच्या भिंतीला त्याचा उपयोग नाही, तळव्याला आहे.

जेलबद्दल लोकांचा फार गोड समज असतो. जेल दबत नाही, बाजूला सरकतं. त्याला सरकायला जागा असेल तर ते घासणं छान कमी करतं, जुन्या जखमेच्या व्रणावर उपयोगी पडतं. गच्च बसलेल्या कवचात ते नुसता एक जाड थर. आणि आपल्या मे महिन्यात आतून भाजतं ते वेगळंच.

फेल्ट, घोड्याच्या खोगिराखाली असतो तसला, जुन्या कॅलिपरच्या गुडघ्याच्या टोपीत आणि पट्ट्यांखाली असायचा. मला अजूनही गुडघ्याच्या टोपीला तोच आवडतो. भार एकसारखा पसरवतो आणि हवा खेळते. भिजला की जड होतो, वाळायला दिवस लागतो, म्हणून दोन टोप्या ठेवाव्या लागतात. देशात पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. ही केवढी चांगली गोष्ट! पण त्याबरोबर असली कामं करणारे हातही कमी होत चाललेत, नव्या पोरांना फेल्टची गुडघा-टोपी शिवायला सांगितली तर ती इंटरनेटवर शोधतात.

हाडावरून भार काढायचा असेल तर फोम हाडावर नाही, हाडाच्या आजूबाजूच्या मांसल भागावर लावायचा. घोड्याच्या नालेसारखा, एका बाजूने उघडा. पूर्ण गोल कडं लावू नका, मधली कातडी कड्यात फुगून वर येते आणि सूज धरते. आणि कडा रापीने किंवा सँडपेपरने तिरक्या करून शून्यावर आणा. उभी कड सोडली तर घोटा वाचतो आणि कडेचा वळ पडतो.

मागच्या मे महिन्यात घरी एक उद्योग केला. वरच्या पत्र्याच्या खोलीत दोन फळ्यांमध्ये पाच फोमचे एकाच जाडीचे तुकडे ठेवले, वर ज्वारीची भरलेली कोठी, चार दिवस. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे, पत्र्याखाली किती ते विचारू नका. कोठी काढून अर्ध्या तासाने मोजलं. पोरॉन जसाच्या तसा. ईव्हीए किंचित खाली. प्लास्टाझोट जवळजवळ अर्ध्यावर. सोफ्याचा फोम उठला होता पण त्यात जीव नव्हता, चिमटीत लगेच संपत होता. पांढरा पॅकिंगचा फोम कागद झाला होता. तुमच्या हातातल्या फोमचं नाव माहीत नसेल तर हे करून बघा. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ज्वारीची कोठी खरं सांगते.

घाम, ऊन आणि सोल्युशन

सोलापुरात उन्हाळ्याचे तीन महिने फोमची निवड कातडीपेक्षा घामच ठरवतो. बंद छिद्रांचा फोम घाम पीत नाही, तो कातडीवरच साचतो, कातडी भिजून पांढरी आणि मऊ पडते, आणि अशी कातडी साध्या घासण्यानेही निघते. उघड्या छिद्रांचा फोम घाम पितो आणि आठ दिवसांत बस स्टँडसारखा वास मारायला लागतो. मधला मार्ग मला एकच सापडलाय: आत बंद छिद्रांचा फोम, आणि कातडीला सुती लांब मोजा, शिवण नसलेला किंवा शिवण उलटी करून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोजा बदलायचा, पाच मिनिटं पाय उघडा, कवच आतून कोरड्या फडक्याने पुसायचं. टाल्कम पावडर चिमूटभर ठीक, मूठभर टाकली तर घामात तिच्या गुठळ्या होतात आणि वाळूसारख्या टोचतात. चामड्याचं अस्तर असेल तर घामातलं मीठ सुकून ते कडक होतं, कडक झालेलं चामडं बदलाच.

कॅलिपर उन्हात वाळवू नका, बंद गाडीत ठेवू नका. प्लास्टाझोट उष्णतेने आकार घेतो म्हणूनच तर वापरतात. मग गाडीतल्या उष्णतेने तो भलताच आकार घेऊ शकतो, त्याला काय दोष.

फोम सुटण्याचं कारण बहुतेक वेळा सोल्युशन (चिकटवायचं रसायन) नसतं, घाई असते. पॉलिप्रॉपिलीनला काहीच धड चिकटत नाही. आतली बाजू सँडपेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटं. मग एका कडेपासून दाबत जा. ओलं असतानाच दाबलं तर आतली वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पहिल्याच उन्हात फोम सरकतो. चिकटवल्यावर दिवसभर उघड्यावर ठेवा. मी एकदा रात्री चिकटवून सकाळी घातला, पोटरीवर खाजरे पुरळ आले. रबर सोल्युशनमधल्या रसायनांची, चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमची काहींना ॲलर्जी असते. पुरळ नेमकं फोमच्या आकारात उठलं असेल तर दाबाचा दोष नाही, सामानाचा आहे. बदलायला लागणाऱ्या तुकड्यांना मी आता सोल्युशन लावतच नाही, वेल्क्रो लावतो. निघतात, धुता येतात.

ज्यांचा पाय बधिर आहे त्यांच्यासाठी वेगळं

पोलिओत स्नायू जातात, पण स्पर्श शाबूत राहतो. त्यामुळे माझा घोटा ओरडून सांगतो. माझ्या काकांना लकवा झाला, पाऊल लोंबतं म्हणून त्यांना एएफओ दिला. वीस वर्षांचा मधुमेह सोबत. त्यांचा पाय ओरडत नाही. ‘‘काही होत नाही रे, मस्त बसलाय,’’ म्हणायचे आणि मोजा काढला की टाचेला फोड. मधुमेह, कुष्ठरोग, मणक्याची इजा, असं काहीही असेल तर ‘बरं वाटतंय’ हा पुरावाच धरू नका. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कुणीतरी पाय बघायचा, टाच आणि तळव्यासाठी आरसा. नवा फोम लावला की पहिल्या दिवशी एक तास घालून काढायचा, बघायचा, मग हळूहळू वेळ वाढवायचा. घरी बनवलेले तुकडे अशा पायात नकोतच.

आणि एक जागा सगळ्यांनी लक्षात ठेवा. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला एक गोटीसारखं हाड हाताला लागतं. त्याच्या खालून पायाचा पंजा उचलणारी नस जाते, जवळजवळ कातडीखालूनच. काकांच्या एएफओचा वरचा पट्टा तिथेच आवळला जायचा आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायच्या. फोम वाढवला तेव्हा मुंग्याही वाढल्या. तिथे फोम नाही, जागा हवी. पट्टा खाली घेतला आणि कवचाची कड तिथे बाहेर वळवून घेतली. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर एएफओ काढा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र फोमची चर्चाच करू नये. मूल वाढतं, एएफओ वाढत नाही. बोटं पुढून बाहेर आली, घोटा पोकळीच्या वर गेला, की अस्तर काढून जागा करत बसू नका, नवं माप.

वर्कशॉपला जाताना रोजचे बूट, रोजचा मोजा आणि निघालेला जुना फोम बरोबर न्या. धुऊन, पुसून नाही, जसा आहे तसा. काळवंडलेला कुठे, दबलेला कुठे, फाटलेला कुठे, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. लाली संध्याकाळची असेल तर संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेला कॅलिपर चार वाजता घट्ट होतो. आणि काम झाल्यावर तिथेच, त्यांच्यासमोर, दहा मिनिटं चाला. कंटाळले तरी चाला.

नवा फोम लावल्यावर उरलेला तुकडा मागून घ्या. त्याच्या पाठीवर बॉलपेनने तारीख आणि जागा लिहा, कपाटात ठेवा. दोन महिन्यांनी लावलेला फोम आणि कपाटातला तुकडा शेजारी धरून जाडी बघा. अर्धी उरली असेल तर घोटा लाल व्हायची वाट बघायची गरज नाही. माझ्या कपाटात हिशेबाच्या जुन्या पावत्यांखाली सध्या असे चार तुकडे आहेत, त्यातला तळव्याचा ईव्हीए गेल्या गड्ड्यानंतरचा, आणि परवा ताडून बघितला तर अजून जुळतोय.